चांदीचं पाणी आणि उन्हाचा कस

चांदीचं पाणी बोटाला लागलं की त्या वेळी काहीच दिसत नाही. बाई हात धुऊन भाकरी थापायला बसते. मग कपडे वाळत घालायला उन्हात गेली की बोटं तपकिरी व्हायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत काळी पडतात. साबण, राख, लिंबू, कशानेही ते जात नाही. कातडं झिजून नवं येईल तेव्हाच जातं. एका उन्हाळ्यात माझी दहाही बोटं अशी होती. चैत्राच्या हळदीकुंकवाला जळगावच्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी माझ्या हाताला हळद लावली ती लांबूनच, बोट टेकवलं न टेकवलं अशी. मला काही लागण झाली आहे असं त्यांना वाटलं असावं. मी सांगत बसले नाही.

ते वर्ष सोन्याच्या कायद्याचं. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही असं सरकारने ठरवलं. चौदा कॅरटचं सोनं आमच्याकडे लग्नाला कुणी घेत नाही, त्यामुळे काम बंदच झालं. आमचे हे सोनार. स्वतःचं दुकान नव्हतं, सराफी पेढ्यांचं काम घरी आणून करत. पेढीवाल्यांना दुसरे धंदे होते. यांच्याकडे एक शेगडी, एक ऐरण आणि एक फुंकणी. जाळ फुंकणीने फुंकून जिथे हवा तिथे नेमका लावायचा, ही सोनाराची सगळी विद्या. फुंकायलाच काही राहिलं नाही.

गल्लीत सगळ्यांची तीच गत होती. कुणी रावेरला केळीचे ट्रक भरायला गेलं, कुणी स्टेशनाबाहेर चहा विकायला लागलं. आमच्या ओळीतला एक कारागीर, यांच्याच वयाचा, यांच्याबरोबर काम शिकलेला, त्याने एका दुपारी कामाच्याच बाटलीतलं तेजाब घेतलं. तो गेला. तेजाब म्हणजे ज्यात सोनं-चांदी शुद्ध करतात ते ॲसिड. प्रत्येक सोनाराच्या घरात त्याची एक बाटली असते. आमच्याही होती, काचेच्या बुचाची, खिडकीवरच्या फळीवर.

त्या घरून आल्यापासून हे बोलेनासे झाले. जेवायला बोलावलं की येत, जेवत, परत थंड शेगडीसमोर जाऊन बसत. फुंकणी हातात फिरवत. कधी कधी फळीकडे पाहत. आता फळी समोरच होती, तिकडे पाहिलं म्हणजे काही असेलच असं नाही. पण मला ते बघवत नव्हतं.

बाटली मी फेकली नाही. फेकली असती तर का फेकली म्हणून विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर मला तोंडाने द्यायचं नव्हतं. मी गोधडीचा काळा दोरा घेतला आणि तेजाब जिथवर होतं तिथे बाटलीला बांधला. सकाळ-संध्याकाळ फळी पुसायच्या निमित्ताने बघायची. तेजाब दोऱ्याशी आहे ना, आहे. मग बाकीची कामं. सासूबाई म्हणाल्या, या सुनेला इतक्या वर्षांनी फळी पुसायचं सुचलं.

अशात धुळ्याहून सासूबाईंचे भाऊ आले. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा धुळ्याला जुना फोटोचा स्टुडिओ होता. आल्या आल्या भाच्याकडे पाहून म्हणाले, "काय रे, सोनारकी सोडून बासरी शिकतोस का?"

हे हसले नाहीत. आबा खाली बसले. त्यांचीही रड होतीच. फोटोचा कागद मिळत नव्हता. बाहेरून यायचा तो बंद झाला होता, आणि धुळ्याच्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नाच्या काचा त्यांच्याकडे पडून होत्या. तेव्हा आबा अजून मोठ्या कॅमेऱ्यात काचेवर फोटो घेत. काचेवर उलटा फोटो, त्यावरून कागदावर सुलटा. कागदच नाही तर काचा काय चाटायच्या, असं आबा म्हणाले.

"माझे वस्ताद कागद घरी करायचे," आबा म्हणाले. "चांदी तेजाबात विरघळवायची, ते पाणी कागदाला लावायचं, काच वर ठेवून उन्हात धरायचं. ऊनच फोटो काढतं. तेव्हा मी पोरगा होतो, प्रमाण काही लक्षात नाही. किती वेळ धरायचं तेही नाही. तुझ्याकडे तेजाब आहे ना?"

हे म्हणाले, "तेजाब आहे. चांदी कुठली आता."

तेजाब म्हणताना यांनी फळीकडे पाहिलं. मी चहा गाळत होते. गाळणं ठेवलं, खाली बसले आणि उजव्या पायातला तोडा काढून यांच्यापुढे ठेवला. माझ्या आईने दिलेले तोडे होते, भरीव, चालताना जड लागणारे.

"सूनबाई, विचार कर," आबा म्हणाले. "चांदी कागदावर गेली की गेली."

"सोनाराच्या घरातून चांदी जात नाही," हे म्हणाले.

कितीतरी दिवसांत यांनी आपणहून काढलेले हे पहिले शब्द. मला फोटोत काडीचा रस नव्हता. पण माणूस बोलला, म्हटल्यावर दुसरा तोडाही द्यायची माझी तयारी होती. तो काढून मी पेटीत ठेवला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. आता तेजाब रोज वापरात येणार. ते खाली जाणार ते कामाने, का आणखी कशाने, हे मला कसं कळणार? दोऱ्याचा उपयोग राहिला नाही. म्हणून मी यांच्या हाताखाली बसले. किती ओतलं ते बघायचं आणि तितका दोरा खाली सरकवायचा. लोक म्हणत, नवऱ्याला धंद्यात मदत करते. मी बाटलीला मदत करत होते.

तोड्यात तांबं असतं, ते आधी काढावं लागतं. ते यांना कुणी शिकवायला नको होतं. धाब्यावर, म्हणजे आमच्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, हे काम चाले, कारण तांबडा धूर निघतो आणि घसा धरतो. शेवटी चांदीचे पांढरे खडे उरत. ते पाण्यात विरघळले की झालं चांदीचं पाणी. कागदाला आधी काही तरी खळ लावावी लागते. आबांचे वस्ताद अंड्यातलं पांढरं लावायचे. आमच्या घरात अंडं आणलं असतं तर सासूबाई अमळनेरच्या बाजूला आपल्या गावी निघून गेल्या असत्या आणि परत आल्या नसत्या. मग साबुदाण्याची पातळ पेज केली, त्यात मीठ घातलं, ती लावली. ती चालली. त्या कागदाला मधल्या अंधाऱ्या खोलीत कापसाने चांदीचं पाणी फिरवायचं आणि तिथेच वाळवायचं.

काच आणि कागद घट्ट धरायला चौकट हवी होती. यांनी कुलदेवीची तसबीर भिंतीवरून काढली, देवी कपाटात ठेवली आणि चौकट घेतली. मागची फळी मधोमध कापून बिजागरी लावली, म्हणजे अर्धी उघडून आत डोकावता येईल. सासूबाईंनी पाहिलं.

"देवले कपाटमा कोंडं आन लोकेसना फोटो घाली राह्यना," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन तुन्हा हात त काया व्हयनात. आते तोंड बी करी ले."

मी म्हटलं, "तोंड मूळचंच काळं आहे, अक्का." त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

परीक्षेसाठी आबांनी एक जुनी काच दिली होती, कोपऱ्याला तडकलेली. तिच्यावर एक पागोटेवाला माणूस खुर्चीत बसलेला होता. कोण ते आबांनाही आठवत नव्हतं. फोटो काढून गेला आणि न्यायला आलाच नाही. त्या माणसाला आम्ही त्या उन्हाळ्यात किती वेळा उन्हात बसवलं त्याला हिशेब नाही. रीत अशी. चौकटीवर पुठ्ठा ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने खाली सरकवायचा. वरचा भाग सगळ्यांत जास्त वेळ उन्हात राहतो, पायांकडचा सगळ्यांत कमी. मग एकाच कागदावर पट्टे दिसतात. पागोटं कोळशासारखं, तोंड तपकिरी, छाती बरी, पाय जवळजवळ नाहीतच. ज्या पट्ट्यात माणूस नीट दिसतो, तेवढा वेळ बरोबर.

पहिल्या खेपेला जो पट्टा नीट दिसला तो आबांनी दिलेल्या हायपोच्या पाण्यात टाकल्यावर पार उतरला. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध. आबांनी निरोप पाठवला, तिथे रंग उतरतोच, म्हणून आधी जास्त काळं होऊ द्यायचं. बरं, तसं केलं. तरी जमेना. आज जेवढा वेळ बरोबर आला, उद्या तेवढ्याच वेळात पागोटेवाला भुतासारखा फिका. परवा तेवढ्याच वेळात तव्यासारखा काळा. ऊन तेच, वेळ दुपारची तीच, कागद त्याच घाण्यातला. दरवेळी माझ्या तोड्याचा एक तुकडा गेला असं मी मनात धरत होते. यांच्या कपाळाची शीर उठलेली दिसायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत लग्नाचे फोटो द्यायचे, असा आबांचा शब्द गेला होता. त्या घरच्या मुली आखाजीला माहेरी येणार होत्या आणि त्यांना ते फोटो सासरी न्यायचे होते.

मी यांच्याकडे बघत असे, चौकटीकडे नाही. म्हणून ते माझ्या ध्यानात आलं. घरात घड्याळ नव्हतं. हे वेळ मोजत ते श्वासावर. दागिन्याच्या सांध्याला मोठा टाका लावायला एवढे श्वास, बारीक टाक्याला एवढे, असं फुंकणीचं माप यांच्या अंगात होतं, तेच माप यांनी उन्हाला लावलं. पण काही दिवशी यांचा श्वास भरभर चाले, गल्लीत कुणी गेल्याची वार्ता आली की, आबांचं पोस्टकार्ड आलं की. काही दिवशी इतका सावकाश, की पुढचा घेतात की नाही म्हणून मी कान लावून बसे.

मला गोडीने सांगता येत नाही. मी म्हटलं, "तुमचा श्वास सारखा नाही. म्हणून फोटो सारखा येत नाही."

हे म्हणाले, "वीस वर्षं फुंकणी मारली मी. तू मला श्वास शिकवतेस?"

"कामात सारखा होता. आता नाही."

यांनी चौकट उलटी करून धाब्यावर ठेवली आणि खाली निघून गेले. जेवले नाहीत. मला वाटलं, झालं. सोनाराकडे कायद्याने काही ठेवलं नव्हतं, एक श्वास होता, तोही खोटा आहे असं घरच्या बाईने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ पाचोऱ्याहून मला न्यायला आला. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. भावाने माझ्या पायांकडे पाहिलं. मी लुगडं खाली ओढलं.

"तोडे कुठे गेले?" त्याने विचारलं.

"पेटीत. उन्हाळ्यात चटके बसतात."

"चल मग. माय वाट पाहते आहे."

"या वर्षी नाही येत."

"का? जावई सोडत नाहीत का?"

"मीच सोडत नाही," मी म्हटलं. त्याला ते कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही. तो चहा पिऊन रुसून गेला. त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून मी परत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. सासूबाई शेजारी कुरडया घालायला गेल्या होत्या. मी फळीकडे गेले. पुसायचं फडकं घ्यायचं राहिलं.

तेजाब दोऱ्याच्या बरंच खाली होतं. एखाददोन बोटं नव्हे. बाटली निम्मी झाली होती.

मी हाक मारली नाही. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर पुढे काय, ते मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. मधल्या खोलीत पाहिलं. मोरीत पाहिलं. मग शिडी. शिडीच्या पायऱ्या चढताना हाताने लुगडं धरायचंही सुचलं नाही. धाब्याच्या कडेवर डोकं आलं आणि आधी यांचे पाय दिसले. उभे होते.

हे भर उन्हात डोक्याला पंचा गुंडाळून चौकटीपाशी उभे होते. हातात एक पुठ्ठा. त्यावर कागदाचे तुकडे चिकटवलेले, फिक्यापासून काळ्यापर्यंत ओळीने. चौकटीच्या कडेला त्याच कागदाची एक चिंधी उन्हात ठेवली होती. हे एकदा त्या चिंधीकडे बघत, एकदा पुठ्ठ्याकडे. सोनं किती खरं ते बघायला सोनार काळ्या दगडावर त्याची रेघ ओढतो आणि शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढून रंग ताडून बघतो, ते मी रोज पाहिलं होतं. हे तसेच उभे होते, मान तशीच वाकडी करून.

"बाटली निम्मी झाली," मी म्हटलं.

"दुसरा तोडा घातला," हे म्हणाले. मान वर केली नाही.

"विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर?"

"दिला असता."

"मग झालं की."

"मग विचारायचं होतं."

यांनी चिंधी उचलून पुठ्ठ्यावरच्या एका तुकड्याशेजारी धरली, परत ठेवली. "श्वास मोजायचाच नाही," म्हणाले. "वेळच मोजायचा नाही. चिंधी या तुकड्याएवढी काळी झाली की काच काढायची. ढग येवो, सकाळ असो, उन्हाचा कस लावायचा. कसाला खोटं बोलता येत नाही."

मी शिडीच्या तोंडाशीच बसले. धाबं इतकं तापलं होतं की बसवत नव्हतं, तरी उठवलं नाही.

मग यांनी चौकट उचलली, सावलीत आणली, आणि फळीची अर्धी बाजू उघडून आत बघता बघता म्हणाले, "दोरा सरकवायचा राहिला. दरवेळी तू सरकवतेस, आज मीच सरकवणार होतो. पण ऊन निघून जात होतं."

म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं. फळी का पुसते ते, कागद का शिकते ते. त्यावर आम्ही पुढेही कधी बोललो नाही, हे जाईपर्यंत नाही, आणि हे गेले ते म्हातारे होऊन, तापाने. मी त्या वेळी एवढंच म्हटलं, "जेवायला चला."

"हा धुऊन येतो," यांनी चौकटीतला कागद दाखवला. पागोटेवाला होता. हायपोतून काढल्यावर त्याची मिशी आणि खुर्चीच्या वेताची वीण दोन्ही दिसत होत्या.

पुढे भराभर झालं. लग्नाच्या काचा आल्या. सकाळच्या उन्हातला, दुपारचा, वाऱ्याने धूळ उडाल्यावर पिवळ्या पडलेल्या उन्हातला, सगळे फोटो एका रंगाचे निघाले. मी ते परकरात गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीने धुळ्याला गेले, सोबत हे काचांची पेटी घेऊन. रस्ता खराब होता, प्रत्येक खड्ड्याला हे पेटी वर उचलत. फोटो तपकिरी होते, स्टुडिओतल्यासारखे काळेपांढरे नाहीत. व्यापाऱ्याच्या घरची तरुण मंडळी म्हणाली, मातीत लोळवून आणले का. त्यांच्या आजोबांनी एक फोटो डोळ्यांशी धरला आणि म्हणाले, माझ्या वडिलांचा फोटो असाच आहे, राजस्थानातल्या घरी. मग त्यांनी फोटो घेतले.

यातून काही धंदा झाला नाही. पावसाळ्यात ढगांना कस लावूनही काही निघत नाही, आणि तोवर आबांना कुठून तरी कागद मिळाला. नंतर कायदा जरा सैल झाला, जुने दागिने मोडून घडवायला कारागिराला परवानगी मिळाली. पेढीवरून पहिलं काम आलं तेव्हा हे शेगडीपुढे बसले, फुंकणी तोंडाला लावली, आणि मी चूल सोडून दाराशी उभी राहून ऐकलं. श्वास सारखा होता.

फसलेले सगळे कागद यांनी ठेवले होते. कागद आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा एका मडक्यात साठवलेलं होतं, चांदी तळाला बसावी म्हणून मीठ टाकून. खाली पांढरा गाळ बसला होता. सोनार दुकानातला केरसुद्धा फेकत नाही, त्यातून सोनं काढणारे झारेकरी विकत नेतात. यांनी कागद जाळले. पागोटेवाला गठ्ठ्याने जळला, फिका, काळा, पट्ट्यापट्ट्यांचा. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "बठ्ठी चांदी पानीमा गयी म्हने, आते राखमा शोध." राख आणि गाळ मुशीत घालून यांनी आटवलं. तोडे व्हायला पुरेशी चांदी निघाली नाही, अर्ध्या तोड्याएवढीही नाही. त्याची यांनी मला जोडवी केली. एक जरा सैल झालं होतं, मोरीत पाय घसरला की निघून यायचं. दुरुस्त करून द्या म्हटलं की म्हणत, गिऱ्हाइकांचं आधी. देवी परत चौकटीत गेली, पण मागची बिजागरी तशीच राहिली.

दोरा मी काढला नाही. तेजाबाच्या वाफेने सुती दोरा कुजतो. एक दिवस फळी पुसताना तो फडक्याबरोबर तुकडे होऊन आला. मी दुसरा बांधला नाही. आणखी थोडे दिवस फळी पुसत राहिले, मग तेही सोडलं.